पाचशे नव्वद अधिक एक

माझ्या घरमालकांनी माझं नाव विचारलं ते मी राहायला आल्यानंतर तिसऱ्या दिवशी. जन्मतारीख मात्र दारातच विचारली. हातात पत्र्याची ट्रंक, खांद्यावर वळकटी, चपलांवर देवगाव रंगारीची धूळ, अशा थाटात मी औरंगपुऱ्यातल्या त्या बोळात उभा होतो. आत अंगणात एक उंच, किडकिडीत गृहस्थ तुळशीपासून नळापर्यंत आणि नळापासून तुळशीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. खोली मिळेल का, असं मी विचारलं. चाल न मोडता ते म्हणाले, "जन्मतारीख?"

मी सांगितली.

"खरी की कागदावरची?"

मी ट्रंक या हातातून त्या हातात घेतली. ते नळापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "घाबरू नकोस. हा सवाल ऐकून जो गप्प होतो, तो खेड्यातला असतो. मी खेड्यातल्यांनाच खोली देतो. मागच्या बाजूला आहे, बघून घे."

गल्लीत त्यांना जंत्रीकाका म्हणत. जंत्री म्हणजे निजामाच्या वेळचं पंचांग. फसली साल, आजर, दै, बहमन, इस्फंदार असे फारसी महिने, वर्षाची सुरुवात ऑक्टोबरात. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, त्याच्यामागोमाग ते सालही गेलं. काकांच्या घरातून मात्र ते हललं नव्हतं. सकाळी पेपर आला की पहिल्यांदा ते वरची तारीख पेन्सिलीनं खोडत, शेजारी फसली तारीख लिहीत आणि मगच बातम्यांकडं वळत. त्यांच्यानंतर पेपर वाचायला मिळणारा मी. त्यामुळं माझ्या एमेच्या पहिल्या वर्षात देशातल्या सगळ्या घडामोडी शहरेवर, मेहर अशा महिन्यांत घडल्या.

पूर्वी ते निजामाच्या शिक्षणखात्यात, त्यांच्या भाषेत तालिमात, कारकून होते. घराणं जोशीपणाचं, शिक्षण सगळं उर्दूत. कारभार मराठीत आला तशी त्यांनी नोकरी सोडली आणि लोकांचे जुने उर्दू कागद मराठीत उतरवून देण्याचा धंदा धरला. वहीसुद्धा ते शेवटच्या पानापासून सुरू करत. मजकूर मराठी आणि वही उलटी, त्यामुळं त्यांच्या वहीत बघून कुणाला काही कळण्याची सोय नव्हती.

पण गल्लीला त्यांची खरी ओळख होती ती त्यांच्या चालण्याची. हा माणूस बसत नसे. कागद उतरवायचा तर मजकूर चालता चालता जुळवायचा आणि भिंतीतल्या फडताळावर वही ठेवून उभ्यानं लिहायचा. त्याच फडताळावर ताट ठेवून जेवायचं. चहा बशीत ओतून अंगणात फिरत प्यायचा, पण थेंब सांडायचा नाही. काकू माजघरातून ओरडत, "अहो, बसा की जरा! अन्नाला तरी कळू द्या कुठं जायचंय ते." काकांचं उत्तर ठरलेलं, "बसलो की आठवतं." काय आठवतं, ते काकूंनाही कधी सांगितलेलं नव्हतं. बसस्टँडवर रांग असली तर रांगेत त्यांची छत्री उभी राही आणि ते स्वतः रांगेभोवती चकरा मारत. लोक कुरकुर करत, पण छत्रीला पुढं सरकवत.

खेड्यातल्या पोरांच्या तारखांवर त्यांचा फार राग. कुणी एक जून म्हटलं की भडकायचे. "सगळं गाव एक जूनला जन्मलं? बाया काय हुकमानं बाळंत होतात?" मास्तर शाळेत नाव घालताना सोयीसाठी तीच तारीख टाकतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते पोरालाच झापत. आणि शेवटी एक वाक्य हमखास येई, "कागद खोटं बोलत नाही. लिहिणारा बोलतो."

मला तेव्हा हा सगळा चक्रमपणा वाटे. हसायला बरा, पण हसायला मला वेळ नव्हता. आमच्या तालुक्याला, कन्नडला, नुकतंच निघालेलं कॉलेज म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगची शेड. अर्ध्या भागात आम्ही बीए करत होतो, अर्ध्या भागात कापसाची जुनी पोती होती. प्राध्यापक तीन, त्यातले दोन शनिवारी औरंगाबादला पळायचे. तिथून बीए होऊन मी विद्यापीठात एमेला नाव घालायला आलो होतो. डोंगराच्या पायथ्याचं ते नवंकोरं विद्यापीठ, लांबच लांब व्हरांडे, आणि आपल्याला इथं कुणीतरी हटकेल ही मनातली धाकधूक. शहरातल्या कॉलेजांची पोरं व्हरांड्यात अशी उभी राहत, जणू बांधकामावर त्यांनीच देखरेख केलेली.

प्रवेश मिळाला नाही तर पुढं काय, हे ठरलेलं होतं. मामांनी ग्रामसेवकाची जागा बोलून ठेवली होती. निघताना ते स्टँडवर म्हणाले होते, "जा, हौस फेडून घे. सोमवारपत्तूर नाय जमलं तर गुमान मागारी ये. जागा कुनासाठी थांबत नसती. एमे करून कुठं दिवे लावनार हायस?" सोमवार हा शब्द त्यानंतर माझ्या मागंच लागला. प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार होती.

अर्ज काकांनी लिहून घेतला. ते त्याला दरखास्त म्हणत. मी फडताळापाशी उभा, ते अंगणात चालताहेत, आणि प्रत्येक फेरीत एक वाक्य. "'सविनय' लिहिलंस? खोड. गिडगिडायचं नाही. हक्कानं मागतोयस." चार वेळा लिहून झाल्यावर पाचव्यांदा पसंत पडला. बुधवारी मी ती पाचवी दरखास्त आणि सगळे दाखले घेऊन खिडकीशी उभा राहिलो.

खिडकीतल्या बाबूंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. कन्नडच्या कॉलेजचा टी.सी. आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट. दोन्हींवर बोट ठेवून म्हणाले, "देखो भई, इथं तू एक साल छोटा, इथं एक साल मोठा. तू नक्की कितीचा?"

आता ही भानगड कशी झाली ते सांगतो. कॉलेजचा फॉर्म मी स्वतः भरला होता. जन्मसाल आईला विचारलं होतं. तिला साल सांगता येत नव्हतं, पण हिशेब पक्का. "गहू खळ्यावर व्हता. तुझी अक्का दोन वरसाची झाली व्हती अन् आपली ईर त्याच साली खांदली." विहिरीच्या कठड्यावर साल कोरलेलं होतं, ते मी फॉर्मात लिहिलं. मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेत घडी घालून होतं. त्यावरचे मार्क मी शंभरदा पाहिले होते. तारीख कोण बघतो? कन्नडच्या बाबूंनीही बघितली नाही.

"सोपं आहे," खिडकीतले बाबू म्हणाले. "मॅट्रिकचं बदलायला बोर्डात महिने जातात. टी.सी. तुमच्या कॉलेजकडून मॅट्रिकप्रमाणे दुरुस्त करून आण. शनिवारी पाचपर्यंत मी इथं आहे. पुढचा!"

मी जवळजवळ उड्या मारतच घरी आलो. एका खोडाखोडीचा तर प्रश्न होता. काकांना सांगितलं. त्यांनी चालता चालता हात पुढं केला, दोन्ही कागद घेतले, तुळशीपर्यंत वाचत गेले आणि तिथंच थांबले. त्या अंगणात पावलांचा आवाज नाही असं मी पहिल्यांदा अनुभवलं. काकूही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"प्राथमिक शाळा कुठली?"

"देवगाव रंगारी."

"नाव घातलं तेव्हा रजिस्टर उर्दूत होतं. महिना खुर्दाद असणार. म्हणजे एप्रिल." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "टी.सी. बरोबर आहे. मॅट्रिकचं सर्टिफिकेट गलत आहे."

"असेना का काका! बाबूंनी सांगितलंय, टी.सी. बदलला की झालं."

"जे बरोबर आहे ते बदलायचं?"

मग ते पुन्हा चालू लागले आणि चालता चालता, एका फेरीत एक वाक्य, असं त्यांनी ते सांगितलं. पोलीस ॲक्शननंतर हुकूम आला की शाळांच्या रजिस्टरांतल्या सगळ्या फसली तारखा इसवी सनात उतरवा. खेड्यांचं काम यांच्याकडं. सायकलवर जंत्री बांधून हे गावोगाव हिंडले. दिवस फार वाईट होते. कुठं शाळेला कुलूप, कुठं मास्तरच निघून गेलेला, कुठं गावात शिरल्यावर कुणी बोलायलाच तयार नाही. प्रत्येक गावातून लवकर सुटावं असं वाटायचं. जंत्री उघडून एकेक तारीख बघत बसायची फुरसत कुणाला? त्यांनी एक ठोकळ हिशेब धरला, फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे. लाल शाईनं साल टाकायचं, पुढचं नाव.

"पण फसली साल सुरू होतं ऑक्टोबरात," काका म्हणाले. "पहिले तीन महिने पाचशे नव्वद बरोबर. जानेवारी लागला की इसवी सन बदलतो, फसली तेच राहतं. तिथून पुढं पाचशे एक्याण्णव. हे मला येत होतं. शाळेतल्या पोरालाही यायचं." ते नळापर्यंत जाऊन आले. "अर्धा कन्नड तालुका झाल्यावर लक्षात आलं. पुढच्या गावांना बरोबर केलं. मागच्या गावांना परत जाऊ म्हटलं. गेलो नाही."

आता मला कळलं की दारात आधी जन्मतारीख का विचारली जाते. आमच्या भागातली कितीतरी पोरं या माणसानं लाल शाईनं एकेक वर्ष मोठी केली होती. त्यातलं एक आज ट्रंक घेऊन त्यांच्याच दारात आलं होतं. मला त्यांची दया आली असं म्हणायला हवं, पण खरं सांगतो, मला रागच आला. एवढा जुना घोळ यांना नेमका माझ्याच शनिवारी निस्तरायचा होता.

"उद्या मला एक कागद उतरवून द्यायचा आहे, परवा शुक्रवारी आपण देवगावला जाऊ," ते म्हणाले. "रजिस्टरात मी माझ्या हातानं दुरुस्ती करतो, मुख्याध्यापकांचा सही-शिक्क्याचा उतारा घेतो. शनिवारी तो बाबूंसमोर ठेवू. बोर्डाचं होईतो तात्पुरता प्रवेश दे म्हणू. मी उभा राहीन खिडकीशी."

"आणि नाही दिला तर?"

"न द्यायला काय झालं? कागद खरा आहे."

मी हो म्हणालो. तोंडानंच. काकूंना बहुधा ते दिसलं असावं, कारण जेवायला वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "तुझं तू बघ बाबा. ह्यांचं काय, ह्यांना आता देवगावला जायचंच आहे." गुरुवारचा दिवस मी त्यांच्यासारखाच फेऱ्या मारत काढला, ते अंगणात आणि मी खोलीत. मामांची ग्रामसेवकी एका बाजूला, खरी तारीख दुसऱ्या बाजूला. माझं वय एकवीस, नाही तर बावीस. त्या वयात खऱ्या तारखेचं वजन कितीसं असतं? एक वर्ष मोठं असल्यानं माझं काय बिघडणार होतं, तेच मला कळत नव्हतं.

शुक्रवारी काका अंघोळीला गेले आणि मी मागच्या दारानं निघून कन्नडची पहिली गाडी पकडली.

कॉलेजात बाबूंनी मला अर्ज लिहायला लावला. मी लिहिला: माझी जन्मतारीख माझ्या चुकीमुळं गलत लिहिली गेली, ती मॅट्रिकप्रमाणे करावी. खाली सही. 'गलत' हा काकांचा शब्द लेखणीतून कसा उतरला कोण जाणे. बाबूंनी टी.सी.वरच्या सालावर रेघ ओढली, नवं साल टाकलं, शिक्का मारला आणि माझा अर्ज मागं टाचून दिला. "येवढ्यासाठी आलास व्हय रं? मला वाटलं काय आभाळ फाटलं." पाच मिनिटांत मी वर्षानं मोठा झालो. बाहेर येऊन भेळ घेतली आणि अर्धी टाकून दिली.

परतीची गाडी दौलताबादला चहासाठी थांबली. किल्ल्याच्या बाजूला आणखी एक गाडी उभी होती, तिचं बॉनेट उघडं, ड्रायव्हर खाली वाकलेला आणि उतारू झाडाखाली कंटाळून बसलेले. त्या बंद गाडीला एक उंच माणूस छत्री टेकत प्रदक्षिणा घालत होता. मी खिडकीतून मान आत घेतली, पण उशीर झाला होता. त्यांना मी दिसलो, आणि माझ्या गाडीवरची पाटीही दिसली. कन्नड.

ते खिडकीशी आले. चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मुख्याध्यापकांचा शिक्का, माझं नाव, खुर्दाद महिना, त्यापुढं बरोबर साल, आणि खाली दोन ओळी: 'पूर्वी इसवी सनात उतरवताना निम्नसहीकर्त्याकडून एका वर्षाची चूक झाली. ती आज दुरुस्त केली.' सही. अक्षर सुरेख होतं, कुठं थरथर नव्हती.

"तुझं झालं का काम?" त्यांनी विचारलं.

माझ्या वरच्या खिशात टी.सी. होता. मी झालं म्हणून मान डोलावली.

"बरं," ते म्हणाले.

त्यांची गाडी काही दुरुस्त होत नव्हती. कंडक्टरनं त्या उतारूंना आमच्या गाडीत घेतलं. काका चढले, माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं आले आणि बसले. छत्री दोन गुडघ्यांत धरून, पुढं बघत, दौलताबादपासून स्टँडपर्यंत ते बसून आले. मी बाहेर बघत राहिलो. मला वाटत होतं की त्यांनी बोलावं, शिव्या द्याव्यात, गलत म्हणावं. ते एकदाच बोलले, मिटमिट्याच्या आसपास. "रजिस्टर अजून चांगलं आहे. वाळवी लागलेली नाही." एवढंच. त्यांची पाठ सीटला टेकली होती. ते मोकळे झाले होते की मोडले होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. लाज वाटत होती, एवढं मात्र मला नक्की कळत होतं.

त्या संध्याकाळी ते पाटावर बसून जेवले. काकूंनी पुन्हा पुन्हा भात वाढला आणि मधेच पदरानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बदललेला टी.सी. दिला आणि प्रवेश घेऊन आलो. काकांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि चालायला लागले.

त्यानंतरही ते मला जन्मतारीख विचारत, पण एका वेगळ्या सुरात, उत्तराची वाट न बघता. मी त्यांच्याकडं दोन वर्षं राहिलो. दर शुक्रवारी ते छत्री आणि जंत्री घेऊन कन्नडकडची एखादी गाडी पकडत आणि संध्याकाळी परतत. कुठं गेला होता म्हणून मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. वहीत शेवटच्या पानापासून गावांची नावं होती, आणि गाव झालं की त्यावर ते एक छोटी खूण करत. मी नोकरीला लागून दूर गेल्यावर, काही वर्षांनी काकूंचं पत्र आलं. काका गेल्याचं त्यात होतं. वहीतली दोन गावं राहून गेली, असंही काकूंनी लिहिलं होतं.

मी सरकारी कॉलेजात शिकवलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, म्हणजे कागदाच्या अठ्ठावन्नाव्या. आईच्या हिशेबानं माझं एक वर्ष शिल्लक होतं. निरोपाच्या आदल्या महिन्यात मी कचेरीतल्या हेडक्लार्कला तो देवगावचा उतारा दाखवला. घडीवर फाटला होता, पण शिक्का वाचता येत होता. हेडक्लार्क सज्जन माणूस, त्यानं माझी फाइल आणून शेवटून पहिल्या पानापर्यंत उलटली आणि तळाशी टी.सी.ला टाचलेला एक जुना अर्ज पुढं केला. माझी जन्मतारीख माझ्या चुकीमुळं गलत लिहिली गेली. "सर, हे अक्षर कुणाचं?"

माझंच होतं. कागद खोटं बोलत नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी देवगावला गेलो. शाळेची इमारत नवी, रजिस्टर मात्र जुनंच, कापडी बांधणीचं. आमच्या वर्गाचं पान उघडलं. बारा-तेरा नावं, बहुतेकांपुढं जुनं लाल साल खोडलेलं, शेजारी हिरव्या शाईत नवं, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली ती सही, त्याच शुक्रवारच्या तारखेची. त्या शुक्रवारी ते माझ्या एकट्यासाठी गेले नव्हते, सगळं पान त्यांनी एका बैठकीत केलं होतं. माझं नाव सगळ्यात वर होतं. बाकीच्यांना कुणी कळवलं असेल का, कुणाला त्याचा उपयोग झाला असेल का, ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, एका वर्षासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं? शिवाय चूक त्यांची, तुमची नव्हे. मी अंगणात गेलो आणि कुंडीपासून फाटकापर्यंत चालू लागलो. तिला सांगणार होतो, पण सांगितलं नाही. ज्यांनी माझं एक वर्ष घेतलं होतं, त्यांनी बंद पडलेल्या गाडीतून, उन्हातून ते परत आणून माझ्या हातात दिलं होतं. मी ते घडी घालून खिशात ठेवलं, आणि खिशात दुसरा कागद असताना मान डोलावली.